गाडीखालचं पाणी

होळी होऊन गेली की थोड्याच दिवसांत चंद्रपूरच्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचा वर जातात. कोणी सांगत नाही, कोणी ठरवत नाही. कालपर्यंत कोपर बाहेर काढून, खर्रा चघळत गाडी चालवणारी माणसं एका सकाळी काचेआड दिसायला लागतात. मग सगळ्या रहदारीत दोन-चार गाड्या अशा उरतात, ज्यांच्या काचा अजून खालीच असतात. आत डोक्याला दुपट्टा बांधून, कपाळाला आठ्या घालून माणूस बसलेला. ती आमची माणसं. संध्याकाळपर्यंत ती आमच्या दारात येतात आणि म्हणतात, एसी पाहून द्या न भाऊ, गॅस संपला वाट्टे.

यंदाची पहिली गाडी परवा आली. बॉनेट उघडायच्या आधी मी गाडीखाली वाकून बघतो, ही माझी सवय. दुपट्टा सोडत उतरलेल्या मालकाला वाटलं, मी मांजर शोधतोय. काय हाये गा खाली, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, पाणी बघतो. त्याने आधी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आमच्या गॅरेजचे मालक हमीदभाई, त्यांना म्हणाला की तुमच्या माणसाले ऊन लागलं. हमीदभाई नुसते हसले. त्या हसण्यात रामटेकेभाऊंची गाडी होती, हे मला कळलं. उन्हाळा सुरू झाला की आम्हा दोघांनाही ती गाडी आठवते.

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. आठवीनंतर शाळेने मला आणि मी शाळेला एकदमच सोडलं. मामा इथल्या वीज केंद्रात कंत्राटावर होता, त्याच्या मागे मी आलो. मामा परत गेला, मी राहिलो. आमच्या घरी वर्षातले निम्मे दिवस काहीच पुरतं वाळत नाही. बरणीतलं मीठ पाझरतं, काडेपेटीची काडी ओढून ओढून गुल तेवढा झडतो, ट्रंकेतल्या कपड्यांना कुबट वास येतो. चंद्रपुरातल्या पहिल्या उन्हाळ्यात मी शर्ट धुऊन दोरीवर टाकला आणि चिमटा आणायला आत गेलो. बाहेर आलो तर शर्ट वाळून पापडासारखा कडक. माझे ओठ फुटले, नाकातून रक्त आलं, आणि मी खाटेवर पडून आईला शेवटचं काय सांगायचं ते मनात जुळवू लागलो. तेव्हा हमीदभाईंची बायको, जिला सगळं गॅरेज आपा म्हणतं, तिने आंब्याचं पन्हं पाठवलं आणि निरोप दिला की एवढ्यात कोणी मरत नसते, उठ आन् पे. मी उठलो आणि प्यालो. या गावाचं माझ्यावर जे काही आहे, त्याची सुरुवात त्या पेल्यापासून.

आई फोनवर विचारायची, "थंय गरम असा मा रे?" मी म्हणायचो, थोडं. वाऱ्याला हात लावला तर भाजतं, हे वेंगुर्ल्यात बसून कोणाला समजणार?

पण मला इथला उन्हाळा आवडायला लागला तो कामामुळे. गाडीच्या तोंडाशी, जाळीमागे एक कंडेन्सर असतो, एसीची सगळी उष्णता तो बाहेर टाकतो. तो धुवायला घेतला की गाडी कुठून आली ते कळतं. काळी, तेलकट भुकटी निघाली तर घुग्घुसच्या कोळसा खाणी. पांढरा राप बसलेला असेल तर सिमेंटचे रस्ते. मोहर्लीहून येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्यांत तांबडी माती आणि गवताची कुसळं, आणि गाडीतल्या माणसांत राग, कारण तीनदा आत जाऊनही वाघ दिसलेला नसतो आणि तो राग एसीवर निघतो. गडचिरोलीकडच्या गाड्या मला सगळ्यांत आवडतात. एप्रिलमध्ये सावरीची बोंडं फुटतात, त्यांचा कापूस वाऱ्यावर उडत येऊन कंडेन्सरला बिलगतो. पाण्याचा फवारा मारला की पांढरे पुंजके सुटून मोरीकडे वाहत जातात, आणि मी न पाहिलेलं एखादं जंगल माझ्या पायाशी येऊन थांबल्यासारखं वाटतं.

हमीदभाईंची एक रीत आहे. गिऱ्हाईक आलं की आधी माठातलं पाणी, मग खुर्ची, मग गोष्ट. गाडी उन्हात तशीच उभी. गाडी नंतर बोलते, आधी मानसाले बोलू दे, असं ते मला सांगतात. माणसं सांगतात तेही ऐकण्यासारखं असतं. एक गुरुजी म्हणाले होते की एसी फक्त सासुरवाडीच्या रस्त्यावर बंद पडतो. हमीदभाईंनी गंभीर चेहऱ्याने विचारलं की सासुरवाडी चढावर हाये काय. होती. चढावर इंजिनावर जोर आला की ढिला पट्टा घसरत होता.

मी मात्र ऐकताना निम्मा घाबरलेलाच असतो. कामाची भीती नाही वाटत, काम झाल्यानंतरची वाटते. गाडी फाटकाबाहेर पडली की मला दिसायला लागतं, ती कुठेतरी मूल गावाच्या पुढे उभी आहे, आत लेकरं रडताहेत आणि मालक माझा नंबर शोधतोय. खिशात फोन वाजला की हातातलं काम टाकून मी आधी तो उचलतो. बहुतेकदा तो आईचा असतो, जेवलंस काय म्हणून. हमीदभाई म्हणतात, गाडी गेली, तू काऊन अजून तिच्यासंगं पळून राह्यला?

तर रामटेकेभाऊ. पन्नाशीच्या पुढचे, मूलकडचे. शेती भावाकडे देऊन चंद्रपुरात स्वतःची गाडी भाड्याने चालवायचे. पांढरी, सात सीटची गाडी, मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत जयभीम, डॅशबोर्डवर बोटभर उंचीची बुद्धमूर्ती. ते पाणी प्याले, खुर्चीत बसले आणि त्यांनी गोष्ट सांगितली ती अशी:

"थंडी लय मस्त मारते. पण अर्धा-पाऊण घंटा. मंग पंख्याचा आवाज येते, हवाच येत नाई. गाडी थांबवली, चहा पेला, का पुन्हा बर्फ."

दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. दोघांनीही गॅस भरला होता. हमीदभाई म्हणाले की अजून एकदा भरला तर गाडी फुग्यावानी उडून जाईन. रामटेकेभाऊ हसले नाहीत. ते दुपट्ट्याच्या टोकाने मानेवरचा घाम पुन्हा पुन्हा पुसत राहिले, आणि मग खरं काय ते बाहेर आलं.

त्यांची मुलगी सुजाता बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली, मूठभर. बरेच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. आता घरी होती, दूध पीत होती, रडायलाही शिकली होती. सुजाताचे यजमान आलापल्लीच्या पुढे, भामरागडच्या वाटेवरच्या एका गावात आश्रमशाळेत शिकवतात. त्यांनी लेकीला एकदाच, काचेतून पाहिलं होतं. सासूला तर गुडघ्यांमुळे गाडीत बसवत नव्हतं, तिने नात पाहिलीच नव्हती. आणि पावसाळा लागला की त्या बाजूला नाल्यांवरून पाणी जातं, रस्ते तुटतात. आत्ता गेलं नाही तर हिवाळ्यापर्यंत थांबायचं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, न्या, पण झळ लागू देऊ नका, गाडी गार पाहिजे आणि सारखी गार पाहिजे.

सारखी, हा शब्द रामटेकेभाऊंनी दोनदा म्हटला.

दुसरी गाडी करा, असं सुजाता म्हणत होती. त्यावर भाऊंचं म्हणणं, माही नात भाड्याच्या गाडीत जाईन काय. त्यांची बायको कांताबाई एकदा डबा द्यायला गॅरेजवर आल्या तेव्हा त्यांनी हे सगळं आमच्यासमोर पुन्हा काढलं. "जिंदगीभर लोकायचे लेकरं भाड्यानंच नेले न तुम्ही," त्या म्हणाल्या, "ते काय वितळून गेले?" भाऊंनी डब्याचं झाकण उघडून आत काय आहे ते फार लक्ष देऊन पाहिलं.

आम्ही गाडी तपासली. गॅसचा दाब मोजणारी दोन घड्याळं लावली, निळं आणि लाल, दोघांचेही काटे जिथे हवेत तिथे. मी दोन नळ्यांवर दोन हात ठेवले. एक हात भाजला, दुसरा माठाला लावल्यासारखा गार. गळती शोधायला साबणाचा फेस लावला, एकही फुगा आला नाही. पंखा नीट, पट्टा नीट. गाडी दुपारभर दारात चालू ठेवली, तर एसी एकदाही दमला नाही. आम्ही आळीपाळीने आत बसून पहारा केला. त्या दुपारी बिघडलेल्या गाडीत हमीदभाईंना झोप लागली आणि दुसऱ्या दिवशी ते सर्दीने शिंकत होते. मे महिन्यात चंद्रपुरात सर्दी झालेला माणूस बघायला शेजारचा पंक्चरवाला येऊन गेला.

गाडी नेली, आणि दोन दिवसांनी परत आणली. तेच. पुन्हा तपासली, पुन्हा नेली. मला रात्री स्वप्नात लाल काटा दिसायला लागला. पहाटे उठून मी उगाच विचार करायचो की चूक माझ्या हाताखालून गेली असणार, आणि ती कुठेतरी रानात, त्या मूठभर मुलीच्या अंगावर फुटणार. हमीदभाई निवांत होते. कंबख्त गाडी आपल्यासमोर शहाणी होऊन बसते, म्हणायचे. घरी गेल्यावर मस्ती करते.

तिसऱ्या वेळी भाऊ थेट मूलच्या रस्त्यावरून आले, हवा बंद पडलेल्या अवस्थेत. खुर्ची नाही, पाणी नाही, काच खाली करून ओरडले की आता पाहा. मी घड्याळं घेऊन धावलो, टेकलो गुडघ्यावर, आणि माझा हात ओला झाला.

गाडीखाली पाणी होतं. डबकंच म्हणा. नळीतून धार लागलेली, आणि ती तापलेल्या फरशीवरून माझ्या गुडघ्याकडे येत होती. मी तसाच थांबलो. गावी, पर्यटकांच्या गाड्या हॉटेलासमोर उभ्या असायच्या, त्यांच्याखाली असंच पाणी असायचं. शाळेत जाताना आम्ही त्यात मुद्दाम पाय बुडवायचो, कारण ते गार असायचं. एसीच्या आत डॅशबोर्डमागे एक थंड जाळी असते, तिच्यावरून हवा गेली की हवेतली वाफ तिला लागून पाणी होते आणि नळीतून खाली ठिबकते. समुद्रकाठच्या हवेत पाणीच पाणी, म्हणून तिथे धार. चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत गाडी ठिबकते ती एखाद्या म्हाताऱ्याने आठवणी सांगाव्यात तशी, थांबत थांबत. आणि इथे माझ्या गुडघ्यापाशी वेंगुर्ला वाहत होतं.

मी हमीदभाईंना हाक मारली. कोणीतरी बादली सांडली असेल, ते म्हणाले. मग त्यांनीही वाकून पाहिलं. त्यांनी डॅशबोर्डचा कप्पा काढून आत बॅटरी मारली. जाळीवर बर्फ होता, वितळत आलेला, तरीही चांगला जाड. म्हणजे हवा कोंडत होती ती या बर्फाने. थांबून चहा प्यायला की बर्फ वितळणार, पुन्हा हवा सुरू. एवढं उलगडलं.

"पन बर्फाले पाणी लागते," हमीदभाई हळूच म्हणाले. "या गाडीले पाणी भेटून कुठून राह्यलं?"

मला अजून एक गोष्ट जाणवत होती, पण सांगायचं धाडस होत नव्हतं. गाडीत वाळ्याचा वास येत होता. डॅशबोर्डवर लोक अत्तराच्या कुप्या ठेवतात, तसं काही असेल म्हणून मी आधी सोडून दिलं होतं. पण बुद्धमूर्तीशेजारी कुपी नव्हती. मी भाऊंना म्हटलं, मला मागच्या सीटवर बसवा आणि नेहमी जाता तसे चला. मी गाडीत नाही असं समजा.

मूल रोडने निघालो. गावाबाहेर पडल्यावर एका कडुनिंबाखाली त्यांनी गाडी थांबवली, डिकीतून एक गुंडाळी काढली, पाण्याच्या कॅनने ती भिजवली, आणि समोरच्या काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी जी जाळी असते, जिथून बाहेरची हवा गाडीत शिरते, तिच्यावर नीट अंथरली. दोन्ही टोकं बॉनेटच्या फटीत खोचली. वाळ्याची ताटी होती ती. कूलरला लावतात तीच, मापाने कापलेली, मच्छरदाणीच्या कापडात हाताने शिवलेली, एकसारखे बारीक टाके. मग आत बसून त्यांनी हवेचा खटका बाहेरच्या हवेवर केला, मागची काच चार बोटं खाली घेतली आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

विदर्भातलं लहान मूलही सांगेल की कूलर लावला की एक खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर हवा फिरत नाही. ओली ताटी, उघडी खिडकी, वाळ्याचा वास: इथला सगळा उन्हाळा या तिघांवर निघतो. भाऊंनी एसीला कूलर जोडला होता.

अर्ध्या तासाने हवा बारीक झाली, मग नुसता पंख्याचा आवाज. भाऊच बोलले. "नात झाली तवापासून लावून राह्यलो. कांतानं शिवून देल्ली. म्हटलं, लेकराले डबल थंडी भेटन." गॅरेजवर पोचायच्या आधी ते दर वेळी ही ताटी काढून डिकीत ठेवत, देवळाबाहेर चप्पल काढावी तशी. आमच्या हाताला ओलं लागू नये म्हणून.

परतीच्या वाटेवर मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. त्यांना कसं सांगायचं हा विचार होता. ज्या हाताने पाळणा हलवायचा त्याच हाताने तो अडवला होता, आणि ते कळलं तर हा माणूस कांताबाईंसमोर कसा उभा राहील?

ते काम हमीदभाईंनी केलं, आणि मी अजूनही ते कसं केलं ते मनात घोळवतो. त्यांनी भाऊंना खुर्चीत बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि आधी सेन्सरचं सांगितलं. जाळी फार गार झाली की तो मशीनला थांब म्हणतो. तुमचा जरा आळशी झाला आहे, उशिरा थांब म्हणतो. कोरड्या हवेत ते खपून जातं, ओली हवा मिळाली की बर्फ. सेन्सर नागपूरहून मागवू, बदलू. आणि मग ताटी हातात घेऊन, टाके निरखत ते म्हणाले, "खस एक नंबर हाये, भाऊ. जागा बदलून टाका. बाईले म्हणा, पाळण्याच्या खिडकीले लावा."

भाऊंनी ताटी परत घेतली आणि टाक्यांवरून अंगठा फिरवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, पण ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग आम्ही तिघंही हसलो, आणि पंक्चरवाला पुन्हा बघायला आला.

सेन्सर बसच्या कंडक्टरकडून आला. लावला. आता मशीन वेळच्या वेळी थांबायचं, टक्, आणि पुन्हा लागायचं, टक्. मी तीनदा तपासलं, मग जेवून आलो आणि पुन्हा तपासलं. जायच्या आदल्या संध्याकाळी हमीदभाई म्हणाले की तू बी जाय त्यायच्यासंगं, नाईतर दिवसभर इथी फोनकडे पाहत बसशीन.

पहाटे निघालो. पुढे भाऊ आणि मी, मागे कांताबाई, सुजाता, आणि दुपट्याच्या घड्यांत कुठेतरी ती. बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी. दिवस वर आला तसा बाहेरचा रंग पिवळ्याचा पांढरा झाला. आष्टीच्या पुलाखाली वैनगंगा वाळूतून एका कडेने वाहत होती, आणि पलीकडच्या काठाला डोक्यावर तेंदूपानांची ओझी घेतलेल्या बाया रांगेने चालल्या होत्या. भाऊ गाडी अशी चालवत होते की खड्डासुद्धा आधी विचारून घ्यावा. पुढे आलापल्लीचं रान. साग सगळा झडलेला, खोडं उभी नागडी, जमिनीवर पानांचा खच. झाडांमधून झळ हलताना दिसायची, पाण्याखालून बघितल्यासारखी. आणि आत आमच्याकडे टक्, आणि थोड्या वेळाने टक्. आई हलवायची त्या पाळण्याच्या कडीचा असा आवाज यायचा. मी बाहेरचं काहीच नीट पाहिलं नसेल, मी तो आवाज ऐकत होतो.

मग हवा बारीक झाली.

माझा हात झरोक्याशी गेला: हो, बारीकच होती. भाऊंनाही जाणवलं, त्यांची बोटं स्टिअरिंगवर आवळली. आजूबाजूला घर नाही, सावली नाही. मी मनातल्या मनात सेन्सर, तार, जोड सगळं पुन्हा उघडलं. मला एवढंच सुचलं की गाडी थांबवून बर्फ वितळवायचा, आणि तोवर त्या मुलीला माझ्या अंगाच्या सावलीत धरायचं.

"मी कमी केली दादा," मागून सुजाता म्हणाली. मागच्या पंख्याचा खटका तिच्या डोक्यावर होता, पण पुढच्याचा? तिने कांताबाईंकडे बोट दाखवलं. दोन सीटांच्या मधून हात घालून कांताबाईंनी पुढचाही कमी केला होता. "शिंकली ते," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं मानसं, मशीन पाहून राह्यले. लेकराकडे कोणी पाहा."

भाऊंची बोटं स्टिअरिंगवर सैल झाली. मी वळून पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. दुपट्याच्या घडीत एक तांबूस तोंड, बंद डोळे, आणि शिंक येऊन गेल्याचा जरासा राग. त्या एवढ्याशा नाकाने आमच्या सगळ्या कामावर शेरा दिला होता: जास्तच गार आहे.

त्या गावात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. सुजाताचे यजमान रस्त्यापर्यंत चालत आले होते, छत्री घेऊन, उघडायची विसरून. सासूबाई दारात खुर्चीवर होत्या. गाडी अगदी पायरीला लावली, दार उघडलं, आणि त्यांनी बसल्या जागेवरून आधी हात आत घातला. "गाडीत तं हिवाळा हाये वं," त्या म्हणाल्या, आणि मग तो गार झालेला हात त्यांनी नातीच्या कपाळाला लावला. कांताबाई पदराने डोळे टिपत हसत होत्या. भाऊ उगाच टायरला लाथ मारून हवा बघत होते.

मी वाकून गाडीखाली पाहिलं. नळीतून एक थेंब पडला. बऱ्याच वेळाने दुसरा. मातीत बोटाएवढा ओला ठिपका झाला होता, आणि कुठूनशी एक कोंबडी येऊन त्यात चोच मारून गेली.

त्या आठवड्यात बारसं झालं, मुलीचं नाव मैत्री ठेवलं. वाळ्याची ताटी भाऊंनी सोबतच आणली होती. तिच्या पाळण्यामागच्या खिडकीला ती बसवताना कळलं की माप गाडीचं, खिडकीला अपुरं. कांताबाईंनी बाजूला जुन्या साडीची पट्टी जोडली.

किती उन्हाळे झाले त्याला. आता मैत्री पहिलीत आहे, सुटीत आजोबांकडे येते. काल भाऊ तिला घेऊन आले होते. बिघाड काही नव्हता, सीझनच्या आधी एकदा पाहून द्या म्हणाले, तसं ते दरवर्षी म्हणतात. आपाने पन्हं पाठवलं. मी सवयीने गाडीखाली वाकलो तर शेजारी दोन छोटे गुडघे येऊन टेकले.

हे पाणी कोण टाकते, तिने विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही, हवेतलं आहे. तिने मान वर करून एप्रिलमधल्या चंद्रपूरच्या हवेकडे पाहिलं. समोर तारेवर कावळा चोच उघडी टाकून बसला होता. "इथी कुठी हाये पाणी?" ती म्हणाली.

मी तिचा तळहात नळीखाली धरला. थेंब पडला. तिने तो मुठीत बंद केला आणि दुसरा हात पुढे केला. आतून हमीदभाईंनी विचारलं की काय बिघडलं. काही नाही, मी म्हटलं. मंग काऊन बसून राह्यले दोघं, त्यांनी विचारलं.

माझ्या खिशात फोन वाजायला लागला. मैत्रीने माझ्याकडे पाहिलं, मग नळीकडे. मी तो वाजू दिला. दुसरा थेंब तिच्या हातावर पडला, आणि मग मी फोन उचलला.